कंगोऱ्यांचं पेटी-कासव: पाचोळ्यात राहणाऱ्या क्युओरा मुहोतीची निगा

क्युओरा मुहोती माणसाच्या ताब्यात आल्यावर दगावतं ते बहुधा लाडाने. कुणी त्याला पाण्याच्या टाकीत सोडतं, तर कुणी कडक दिव्याखाली शेकत ठेवतं. याला दोन्ही नको असतं. याला हवा पाचोळा, ओल, सावली, अंग चेपून बसायला दगडाची फट आणि शेजार अजिबात नको. भर पावसाळ्यात सकाळी आंबोलीच्या रानात जी हवा असते, म्हणजे बावीस-तेवीस अंश, अंगाला चिकटणारी ओल आणि झाडांखाली तिन्हीसांजेसारखा उजेड, ती डोळ्यांपुढे ठेवा. खाली दिलेले बरेचसे आकडे मग पाठ करावे लागणार नाहीत.

हे कासव मात्र आंबोलीचं नाही. महाराष्ट्रातच काय, सह्याद्रीत कुठेही या वंशाचं कासव रानात नाही. त्याचा मुलूख आसाम, अरुणाचल आणि मिझोरामच्या डोंगरांपासून म्यानमार, थायलंड, लाओस आणि व्हिएतनाममार्गे चीनच्या हायनान बेटापर्यंत पसरलेला आहे. आँरी मुओ हा फ्रेंच निसर्गअभ्यासक १८६१ मध्ये लाओसमध्ये वारला. दुसऱ्या वर्षी जॉन एडवर्ड ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने या कासवाचं वर्णन केलं आणि त्याला मुओचं नाव दिलं.

पाळण्याबद्दल आधी स्पष्ट बोलू. भारतात हे कासव घरी ठेवण्याचा प्रश्नच नाही. हे कासव साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणारा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, रानातून धरलेल्या मुहोतीचा व्यापारी कोटा २०१३ पासून शून्य आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात साइट्सच्या यादीतल्या प्राण्यांसाठी वेगळं प्रकरणच आलं आहे. हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, ईशान्येकडच्या बचाव केंद्रांत जप्तीची कासवं सांभाळणारे. दोन, अमेरिका-युरोपात राहणारे आणि बंदिवासात जन्मलेलं, कागदपत्रं असलेलं कासव घेऊ पाहणारे. दुसऱ्यांनी विक्रेत्याकडे पिल्लू कधी आणि कुठे फुटलं याची नोंद मागावी. ती देताना तो घुटमळला तर व्यवहार तिथेच थांबवावा.

आधी ओळख

पूर्ण वाढलेल्या कासवाचं कवच साधारण १७-१८ सें.मी. लांब असतं. पाठीवर तीन उभे कंगोरे असतात, आणि खरी खूण म्हणजे त्या तिघांमधली पाठ जवळजवळ सपाट असते. बाजू एकदम खाली उतरतात, त्यामुळे समोरून बघितल्यावर पाटावर झाकण ठेवल्यासारखा आकार दिसतो. कवचाची मागची कड करवतीसारखी दातेरी असते. चिनी भाषेतल्या नावाचा अर्थही 'करवती कडेचं' असाच आहे. पिल्लांमध्ये हे दाते टोकदार असतात. म्हाताऱ्या कासवात ते झिजून बोथट होतात, म्हणून केवळ दात्यांवर विसंबू नका. रंग फिकट तपकिरीपासून शिसवी लाकडासारखा गडद. वरचा जबडा पोपटाच्या चोचीसारखा खाली वळलेला असतो.

पोटाच्या कवचाला आडवी बिजागरी असते, म्हणून हे 'पेटी-कासव'. पण मुहोतीची पेटी नीट मिटत नाही. त्याच्या नात्यातली काही कासवं कवच इतकं घट्ट बंद करतात की मध्ये काडी शिरत नाही. मुहोतीचं झाकण अर्ध्यावरच राहतं. झाकण मिटलं नाही म्हणजे कासव आजारी आहे, असा अर्थ काढू नका. आणि बिजागरी तपासायला फटीत बोट तर मुळीच घालू नका.

ईशान्येत घोटाळा होतो तो तीन कंगोऱ्यांच्या दुसऱ्या एका कासवाशी, मेलॅनोकेलिस ट्रायकॅरिनाटाशी. त्याची पाठ गोलसर असते आणि मागची कड दातेरी नसते. याच वंशातल्या क्युओरा अँबोइनेन्सिसच्या डोक्यावर पिवळे पट्टे असतात आणि ते पाण्यात रमतं, त्यामुळे त्याच्याशी गल्लत होऊ नये. तरीही जप्तीच्या पोत्यातून दहा-बारा कासवं एकदम बाहेर आली की होते, आणि मग मुहोती पाण्याच्या हौदात जाऊन पडतं.

नर-मादी ओळखायला शेपटी बघा. नराची लांब आणि बुडाशी जाड असते, मादीची आखूड. कवच १२-१३ सें.मी.चं होईपर्यंत अंदाज बांधू नये.

घर

एका मोठ्या कासवाला किमान १२० बाय ७५ सें.मी. जागा द्या. याहून मोठी असेल तर उत्तमच. काचेची टाकी मात्र नको. काचेपलीकडे जाता येत नाही हे कासवाला उमगत नाही, ते दिवसभर काच खरवडत राहतं आणि नाकाचं कातडं सोलून घेतं. आतून जलरोधक केलेली प्लायवूडची पेटी किंवा मोठा अपारदर्शक प्लास्टिकचा हौद चालतो. भिंती ४५ सें.मी. उंच आणि आतून गुळगुळीत असाव्यात, वरच्या कडेला आत वळलेली पट्टी असावी. मुहोती चांगलं चढतं. कोपऱ्यात दगड किंवा लाकूड टेकवून ठेवलंत तर ती शिडीच झाली म्हणून समजा.

तळात तीन सें.मी. खडी, तिच्यावर बारीक जाळी आणि जाळीवर १२ ते १५ सें.मी. माती. मातीसाठी धुतलेलं कोकोपीट दोन भाग, खत-औषध न घातलेली बागेतली माती दोन भाग आणि वाळू एक भाग. कोकोपीटमध्ये मीठ असतं, म्हणून ते दोन-तीन पाण्यांतून काढून पिळून घ्या. ओल बरोबर आहे का, हे मुठीने पाहायचं. मूठभर मिश्रण घट्ट दाबलं की त्याचा लाडवासारखा गोळा झाला पाहिजे, पण बोटांच्या मधून पाणी सुटता कामा नये. गोळा फुटला तर पाणी कमी आहे. पाणी गळलं तर पोटाचं कवच सडायला लागेल.

त्यावर ८ ते १० सें.मी. सुका पाचोळा. हा थर सगळ्यांत महत्त्वाचा, आणि कंजुषी होते ती नेमकी इथेच. अडीचशे डॉलरचा दिवा घेणारे पाचोळा मात्र शोभेपुरता दोन मुठी टाकतात. थर इतका जाड हवा की कासव आत शिरलं की दिसेनासं व्हावं. ईशान्येत बांबू, फणस, आंबा यांची पानं चालतात, परदेशात ओक आणि बीचची. कण्हेर आणि ऱ्होडोडेंड्रॉनची पानं विषारी, ती नकोत. पानं उकळत्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून वाळवली की रानातले कीटक आणि गोचिडी मरतात. पानं दर पंधरा दिवसांनी चुरा होऊन खाली बसतात, तेव्हा वरून भर घालत राहा. मातीत स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड (कुंडी उचलली की खाली दिसणारे, शिवल्यावर गोळी होणारे किडे) सोडले तर विष्ठा आणि बुरशी ते संपवतात आणि कासवालाही अधूनमधून खाऊ मिळतो.

आता फट. रानात हे कासव बराच वेळ दगडांच्या कपारींत घालवतं, म्हणून नुसती उपडी कुंडी देऊन भागत नाही. चपटे दगड रचून अशी जागा करा जिची उंची कवचापेक्षा फक्त दीड-दोन सें.मी. जास्त असेल. कासव आत शिरून पाठ वरच्या दगडाला टेकवतं, पाय पसरून बसतं आणि तासन्‌तास हलत नाही. ऐसपैस गुहा केलीत तर ते तिच्याकडे फिरकणारही नाही. रचताना खालचे दगड मातीवर ठेवू नका, थेट पेटीच्या तळावर टेकवा. कासव बाजूने उकरतं, माती सरते आणि वरचा दगड खाली येतो. रचनेत हीच एक चूक जिवावर बेतते. दगडांमध्ये थोडा सिमेंट किंवा मत्स्यालयाचा सिलिकॉन लावून, पूर्ण वाळवून मगच ठेवणं सगळ्यांत बरं.

पाण्यासाठी उथळ, रुंद ताट. पाणी तीन-चार सें.मी., आणि एका बाजूने खडबडीत चढ. हे कासव बेताचंच पोहतं. उभ्या काठाच्या भांड्यात ते उलटं पडलं तर बुडून मरतं. बहुतेक कासवं पाण्यात शिरली की विष्ठा करतात, म्हणून पाणी रोज बदलायचं, आणि बदलायला सोपं जाईल अशाच जागी ताट ठेवायचं.

उष्णता, उजेड, ओल

दिवसा हवा २२ ते २६ अंश सेल्सिअस, रात्री १८ ते २०. एका कोपऱ्यात २८ अंशांचा उबदार ठिपका पुरतो, तोही सकाळी चार-पाच तास. ३० च्या वर गेलं की कासव खाणं सोडतं आणि मातीत खोल जातं, ३२ च्या वर त्याच्या जिवाला धोका असतो. लोकांना वाटतं, उष्ण कटिबंधातलं कासव म्हणजे ऊब हवीच. पण डोंगरातल्या घनदाट रानात जमिनीवर ऊन पोचतच नाही. उन्हाळ्यात घर तापत असेल तर पेटी तळमजल्यावर हलवा, किंवा गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून बाहेरून भिंतीला लावा.

तापमान जमिनीलगत मोजा. दिव्यापाशी टांगलेला थर्मामीटर ३० दाखवतो तेव्हा पाचोळ्याखाली २३ असू शकतं, आणि याच्या उलटही होतं. उबदार ठिपक्याचा दिवा थर्मोस्टॅटशिवाय लावू नका. गरम दगड आणि तळाखालची तापपट्टी तर नकोच, कारण कासव खाली गेल्यावर त्याला थंडावा मिळायला हवा.

अतिनील प्रकाशासाठी ५ ते ६ टक्के अतिनील-बी (यूव्हीबी) देणारी नळी, कासवाच्या पाठीपासून ३५ ते ४५ सें.मी. वर, आणि तीही पेटीच्या एक-तृतीयांश भागावरच. बाकी सावली. दिवसाला आठ-दहा तास. नळी जळत राहिली तरी तिचा अतिनील भाग हळूहळू घटतो, म्हणून वर्षाने बदला आणि बसवल्याची तारीख तिच्यावर मार्करने लिहून ठेवा.

पाचोळ्याखाली ८० ते ९० टक्के आर्द्रता, वर हवेत ६५-७० चालेल. हायग्रोमीटरची सुई पाचोळ्याच्या आत खुपसा. सकाळी आणि सूर्यास्ताला फवारणी, आणि आठवड्यातून एकदा एका कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतून खालची माती भिजवायची. आर्द्रता राखायची म्हणून वर काच ठेवून पेटी बंद करतात, तिथे मात्र गडबड होते. कोंदट हवेत बुरशी धरते आणि श्वासाचे आजार सुरू होतात. अर्धं झाकण आणि अर्धी जाळी, हा मेळ बरा.

नवीन आलेलं कासव: पहिले ९० दिवस

जप्तीत आलेलं कासव बहुधा कित्येक दिवस पोत्यात, पाण्याशिवाय, दुसऱ्या कासवांच्या विष्ठेत असतं. लाओस-व्हिएतनामकडे कासवं कुत्र्यांकरवी शोधतात, म्हणून कवचाच्या कडेवर दातांच्या खुणाही सापडतात. पेटीत सोडण्याआधी हे करा:

१. एक ग्रॅमपर्यंत नेमकं दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. कवचाची लांबी सरळ रेषेत मोजा. वरून, खालून आणि समोरून फोटो घ्या. पोटाच्या कवचावरची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, पुढे तीच ओळख होते.

२. डोळे खोल गेलेत का, नाकातून बुडबुडे येतात का, तोंड उघडून श्वास घेतंय का, मागचे पाय खेचले तर परत ओढून घेतं का, हे बघा. जखम असेल तर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात काळ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून धुवा. माशी बसलेली जखम म्हणजे आत अळ्या असणार असं धरून चला.

३. २६-२७ अंशांच्या पाण्यात रोज २० ते ३० मिनिटं ठेवा. पाणी पाठीचं आणि पोटाचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंतच, म्हणजे मान खाली टेकली तरी नाक वर राहील. पहिल्या दोन-तीन दिवसांत ते बऱ्याचदा ढसाढसा पितं आणि मग पांढऱ्या खडूसारखा गाळ बाहेर टाकतं. तो युरेट असतो. गाळ वाळूसारखा खरखरीत असेल तर शरीरात पाणी फारच कमी आहे.

४. पहिले २४ ते ४८ तास खायला देऊ नका. सुकलेल्या शरीरात मूत्रपिंडं आधीच थकलेली असतात, त्यात प्रथिनं ढकलली की ती कोसळतात. आधी पाणी, मग अन्न. हा क्रम उलटा झाल्याने तगली असती अशी कासवं जातात.

५. प्रत्येकाला वेगळा डबा, आणि त्या डब्याचं ताट, चिमटा, फडकंही वेगळं. या काळात माती नको. ओला कागद, लपायला डबा आणि वर ओलं शेवाळ. कागदावर विष्ठा स्पष्ट दिसते आणि तपासायला घेता येते. साधन धुताना घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी दहा भाग, दहा मिनिटं बुडवून मग स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा.

६. ताजी विष्ठा दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा तपासून घ्या. एकदा 'काही नाही' आलं म्हणजे काही नाही, असं धरू नका. जंत आणि एकपेशीय परजीवी सलग बाहेर पडत नाहीत. औषध आणि मात्रा कासवं पाहणारा पशुवैद्यच ठरवेल. एकच गोष्ट इथे ठासून सांगायची: आयव्हरमेक्टिन कासवांना मारतं. गुराढोरांना आणि कुत्र्यांना ते सर्रास दिलं जातं, म्हणून गावच्या दवाखान्यात ते हाताशी असतं. कासवाला त्याचा थेंबही नको.

नव्वद दिवसांआधी जुन्या कासवांजवळ नेऊ नका. रानाव्हायरस आणि हर्पिसव्हायरस वरून ठणठणीत दिसणाऱ्या कासवाकडूनही येऊ शकतात. जप्तीचं कासव 'जवळच्या जंगलात' सोडून देणं हीसुद्धा दया नाही. ते कुठल्या डोंगरातलं, हे आपल्याला कळलेलं नसतं आणि त्याने सोबत काय आणलंय, तेही नाही. नदीत सोडलं तर प्रश्न लगेचच मिटतो, कारण ते बुडतं.

खाणं

साधारण निम्मं शाकाहारी, निम्मं मांसाहारी. केळं, पपई, आंबा, अंजीर, तुती, स्ट्रॉबेरी. बाजारातली अळंबी, म्हणजे बटण किंवा धिंगरी मश्रूम. लाल भोपळा, रताळ्याचा पाला. प्राण्यांत गांडूळ, गोगलगाय, रातकिडे, डुबिया झुरळं. मोठ्याला आठवड्यातून तीनदा, संध्याकाळी फवारणीनंतर अर्ध्या तासाने. पाऊस पडून गेला की गांडुळं वर येतात आणि कासवं बाहेर पडतात, तो क्रम त्यांच्या अंगात मुरलेला असतो. कोरड्या पेटीत भरदुपारी ताट ठेवलंत तर ते तसंच्या तसं राहील.

गांडुळांबद्दल एक व्यवहारातली गोष्ट. गांडूळखताच्या खड्ड्यातली लालसर पट्ट्यांची गांडुळं, आयसेनिया, बहुतेक कासवं तोंडात घेऊन थुंकतात. ती दाबली की पिवळट, उग्र वासाचा द्राव सोडतात. मातीतली फिकट, जाड गांडुळं आनंदाने खाल्ली जातात. 'गांडूळ दिलं तरी खात नाही' अशी तक्रार असेल तर आधी गांडूळ कुठलं ते बघा. बागेतल्या गोगलगायींमधून जंत येतात, आणि कुणी गोगलगायनाशक टाकलं असेल तर विष. घरी वाढवलेल्या द्या, नाहीतर देऊ नका.

नवीन कासव आठवडाभर खात नसेल तर आधी तापमान, ओल आणि एकांत तपासा. अन्नाचा नंबर चौथा. सगळं ठीक असेल तर पिकून काळं पडत आलेलं केळं किंवा आंब्याची फोड आणि तिच्यावर वळवळतं गांडूळ, असं पाचोळ्यावर ठेवून निघून जा. तिथे उभं राहून बघू नका. वास आणि हालचाल, दोन्ही एकत्र आल्याशिवाय कित्येक मुहोती तोंड उघडत नाहीत. एकदा सुरू झालं की फळ-अळंबी बारीक चिरून त्यात गांडुळाचे तुकडे मिसळा, म्हणजे निवडून खाण्याची खोड लागणार नाही.

कॅल्शियमची पूड चिमूटभर, दर खाण्याला. जीवनसत्त्वांची पूड पंधरवड्यातून एकदा. पेटीत समुद्रफेसाचा तुकडा कायम ठेवा, त्यावर चोचही झिजते. मांजराचं खाणं, पाव, दूध यांची गरज नाही. फक्त केळं आणि स्ट्रॉबेरीवर ठेवलेलं कासव दिसायला गुबगुबीत असतं आणि दोन वर्षांत त्याचं कवच मऊ पडतं.

एकटं ठेवा

दोन नर एकत्र नकोत, कुठल्याच आकाराच्या पेटीत नाही. नर आणि मादीही वर्षभर एकत्र नकोत. समागमाच्या वेळी नर मादीच्या मानेला आणि डोक्याला चावतो, आणि त्या वाकड्या चोचीने कातडं फाटतं. दोन माद्या मोठ्या जागेत राहू शकतात, पण वजन दर आठवड्याला करा. भांडण दिसत नसलं तरी एकीचं वजन घसरत असेल तर ती दुसरीच्या धाकाने फटीबाहेर येत नाहीये. दुसऱ्या जातीची कासवं सोबत ठेवणं तर साफ चूक, कारण एकाचं निरुपद्रवी परजीवी दुसऱ्याला मारू शकतं.

हिवाळा

उत्तरेकडच्या मुहोतीला दोन-अडीच महिने थंडावा लागतो. तो मिळाला नाही तर कासव जगतं, पण पुढच्या वर्षी अंडी बहुधा येत नाहीत. मध्य व्हिएतनाममधली ऑब्स्टी ही उपजात (१९९८ मध्ये वेगळी ओळखली गेली) इतकी थंडी सोसत नाही, तिला १७ ते २० अंश पुरे. उपजात ठाऊक नसेल तर हाच सौम्य हिवाळा द्या.

तीन आठवडे आधी खाणं बंद, पाण्यात बसवणं चालू. पोटात अन्न राहिलं तर थंडीत पचत नाही, सडतं. मग आठवड्याला दोन-तीन अंशांनी उतरवत १३ ते १६ वर आणा, उजेड सहा तासांवर. माती ओलसरच ठेवा, कारण थंडीत कासव भुकेने नाही, सुकून मरतं. दर आठवड्याला वजन घ्या. सुरुवातीच्या वजनाच्या दहावा हिस्सा गेला की हिवाळा संपवायचा, कॅलेंडरमध्ये काही का असेना. ९० दिवसांच्या आतलं, हडकलेलं किंवा नाक वाहणारं कासव या फेऱ्यात घालायचं नाही.

बिघडतं तेव्हा

नाकात बुडबुडे, मान ताणून श्वास, पाण्यात एका बाजूला कलून तरंगणं: फुप्फुसाचा आजार. रात्रंदिवस २७ अंश ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. उरलेलं प्रतिजैविक घरच्या घरी देऊ नका.

कवचावर मऊ, पांढरट, दुर्गंधी डाग: कवचसड. सतत चिखल आणि कोंदट हवा हे त्याचं मूळ. मऊ दातघाशीने स्वच्छ करून आयोडीनचं पाणी रोज लावा आणि तेवढे दिवस कासव ओल्या कागदावर ठेवा. पेटी खडखडीत कोरडी करण्याचा सल्ला पाण्यातल्या कासवांच्या लेखांतून उचललेला असतो. मुहोती त्याने सुकतं. पेटीतल्या मातीचा वरचा अर्धा थर मात्र बदला.

सुजलेल्या पापण्या: अ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, तशी कोरडी धूळही असू शकते. आधी धूळ आणि आहार बघा. अ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनची मात्रा जास्त झाली तर मानेची, पायांची कातडी सोलवटून निघते, आणि तो इलाज मूळ दुखण्याहून वाईट.

वाढलेली चोच नखं कापायच्या यंत्राने तोडू नका, ती उभी चिरते. डॉक्टर फिरत्या कानशीने घासून देतात.

अंडी आणि पिल्लं

हिवाळा संपून ऊब आणि रोजची जोरदार फवारणी सुरू झाली की नराला मादीच्या पेटीत सोडा, कधीही उलटं नाही. दोन-तीन तास, आणि पूर्ण वेळ नजर ठेवून. मानेतून रक्त आलं की बाहेर काढा.

मादी एका वेळी एक ते पाच अंडी घालते, बहुधा दोन-तीन. अंडं लांबट, टणक कवचाचं, चार-पाच सें.मी. लांब. पेटीच्या उबदार बाजूला १५ सें.मी. खोल, मऊ ओली माती हवी, नाहीतर अंडी पाण्याच्या ताटात किंवा पाचोळ्यावर पडतात. सापडलेल्या अंड्याच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने खूण करा आणि तीच बाजू वर राहील असं उचला. पहिल्या दिवसानंतर अंडं उलटलं तर आतला जीव दबतो. व्हर्मिक्युलाइट (पाणी धरून ठेवणारं हलकं खनिज) आणि पाणी वजनाने जवळजवळ सारखं घेऊन त्यात अंडं अर्धं रुतवा, डब्याला दोन-चार भोकं, तापमान २६ ते २८. काही दिवसांत मधोमध खडूसारखा पांढरा पट्टा उमटला तर अंडं फळलेलं आहे. पट्टा नसलेलंही लगेच फेकू नका, वास येईपर्यंत राहू द्या.

फुटायला साधारण तीन ते चार महिने लागतात. चोचीने भोक पाडल्यावर पिल्लू एक-दोन दिवस तसंच आत बसून राहतं. पोटाला चिकटलेलं पिवळं बलक त्या वेळात आत ओढलं जातं. कवच सोलून मदत करायला गेलं की बलकाची पिशवी फाटते आणि पिल्लू जातं. बाहेर आल्यावरही बलक पूर्ण आत जाईपर्यंत ओल्या कागदावर ठेवा.

पिल्लू लहान आहे म्हणून पेटीही लहान आणि भरगच्च हवी: ४० बाय ३० सें.मी., ओलं शेवाळ, पाचोळा, पाणी एक सें.मी. पिल्लं मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर सुकतात. एका दुपारी फवारणी विसरली तर तेवढं पुरतं. पहिला घास बहुधा आठवड्याने घेतात: आयसोपॉड, चिरलेलं गांडूळ, अंजिराचा गर. रोज द्या, पण पिल्लू दिसावं म्हणून शेवाळ उपसू नका. ते महिनोन्‌महिने शेवाळाखालीच राहतं आणि ताट सकाळी रिकामं असलं की सगळं ठीक आहे असं समजायचं. वजन मात्र आठवड्याला, आणि हात साबणाने धुणं दर वेळी, कारण कासवांच्या विष्ठेत साल्मोनेला असतो. अमेरिकेत चार इंचांपेक्षा, म्हणजे साधारण दहा सें.मी.पेक्षा, लहान कवचाचं कासव पाळायला विकण्यावर १९७५ पासून बंदी आहे ती त्यामुळेच. तेव्हा तिथे पिल्लं फुटली तर पुढची काही वर्षं ती तुमच्याचकडे राहणार, प्रत्येकाला स्वतंत्र पेटी लागणार, हे धरूनच नराला मादीच्या पेटीत सोडा.